बिरशाच्या सिस्टर

2007 सालचा हिवाळा. मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून बैहरला निघालेल्या जीपमध्ये मी रेडिओ लहरी मोजायचं लॅबचं मशीन मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी बाबा, सोबतीला आलेले.

पुण्यातली टेलिकॉमची नोकरी सोडून मी पीएचडीला लागले, ते त्यांना पटलं नव्हतं. इथल्याच तहसील कार्यालयात हयात घालवलेला माणूस तो. खरं तर दोन वर्षांनी मलाही पश्चात्ताप होत होता. परत घ्याल का, असं विचारणारा ईमेल जुन्या साहेबांना लिहून ठेवला होता... फक्त पाठवायचा बाकी होता.

विषय होता स्पेक्ट्रम शेअरिंग. टीव्हीला, पोलिसांना, फोन कंपन्यांना रेडिओ लहरींचे पट्टे वाटून दिलेले असतात. त्यातले जे नुसतेच पडून आहेत, ते दुसऱ्या कुणाला वापरता येतील का, हे मी शोधत होते.

बैहरच्या पुढे, बिरशाच्या अलीकडे एका गावात आरोग्य उपकेंद्रासमोर अँटेना उभा केला. अर्ध्या तासात गाव जमलं. मोबाईलचा टॉवर येणार, अशी बातमी पसरली होती! टॉवर नाही, मुलगी शिकते आहे, असं बाबांनी हिंदीत आणि मराठीत समजावलं. लोक हिरमुसून पांगले.

थांबल्या त्या उपकेंद्राच्या सिस्टर. भंडाऱ्याकडच्या, पन्नाशीच्या. बाळंतीण अडली तर गाडी बोलवायला सायकलवर माणूस पाठवावा लागतो, असं सांगत होत्या. मी त्यांना मशीनचा स्क्रीन दाखवला. वापरातल्या लहरींचे एक-दोन उंचवटे सोडले तर सरळ रेघ... म्हणजे सगळं रिकामं.

त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "इतकी जागा खाली पडून हाय, तं आमाले काहून देत नाई?"

मी तो प्रश्न वहीत लिहून घेतला.

परतताना आम्ही घाट उतरलो. बाबा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "आता मधात सोडू नको हे."

ईमेल मी पाठवला नाही. चार वर्षांनी थिसिस झाला, आता शिकवते.

त्या गावात आज टॉवर आहे. तो माझ्या संशोधनामुळे आलेला नाही, हेही सांगायला हवं. थिसिस दाखवायला गेले, तेव्हा सिस्टरांची बदली झाली होती... कुठे, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

थिसिसच्या आभाराच्या पानावर बाबांच्या आधी त्या आहेत. नुसतं 'बिरशाच्या सिस्टर' एवढंच... त्यांचं नाव विचारायचं मला सुचलंच नव्हतं.