रेडिओची पायली

जिथे पैसा वेळेवर येतो तिथे किस्से होत नाहीत. एक तारखेला पगार झाला, सही केली, घरी गेलो. यात सांगण्यासारखं काय आहे? आमच्या रेडिओत पैसा कधीच वेळेवर आला नाही, म्हणून आमच्याकडे किस्से पोत्याने आहेत! आजही आम्ही जुनी मंडळी ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर भेटलो की चहा यायच्या आत कोणी तरी म्हणतोच, "तो धानाचा सांग ना बे!" मी सांगतो, सगळे हसतात. मग हसणं ओसरतं आणि एखादा उगाच कपाकडे बघत बसतो. कारण प्रत्येक किश्शात आमच्यापैकी कोणाची तरी चूक आहे. एकात माझी आहे.

सरकारने गावातल्या संस्थांनाही छोटं रेडिओ केंद्र चालवायची परवानगी दिली, तेव्हाची ही गोष्ट. सावलीहून जीपने अर्ध्या तासावर, वैनगंगेच्या अलीकडे आमचं केंद्र होतं. आवाज जेमतेम अकरा गावांपर्यंत जायचा. लोक त्याला लाडाने 'रेडू' म्हणायचे. अध्यक्ष होते रिटायर्ड हेडमास्तर नानाजी गुरुजी. माणूस इतका सरळ की पाच वर्षांत एक रुपया खाल्ला नाही. खाल्ला असता तर निदान कुठे गेला ते तरी कळलं असतं!

मशीन वासुदेव बघायचा. निवेदन शेवंताबाई करायच्या. शेवंताबाई ढिवरांच्या, तलावात मासे धरणाऱ्या घरातल्या. नवरा दम्याने घरी बसलेला, मुलगी ब्रह्मपुरीला कॉलेजात. त्या मुलीच्या होस्टेलचा खर्च रेडूच्या पगारावर चालायचा, म्हणजे पगार झाला तर. आणि मी, दिवाकर, मॅनेजर. त्याआधी वडशाच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होतो. विंगेत उभं राहून दुसऱ्याने काय बोलायचं ते सांगायची मला सवय होती.

*

रेडू चालवायचा कशावर? गुरुजींनी फार सुंदर नियम काढला. जे घर रेडू ऐकेल त्या घराने वर्षाला एक पायली, म्हणजे एक मोठं मापभर, धान द्यायचं, मळणी झाली की. पैसे मागायचे नाहीत. पैसा माणसाच्या हातातून सुटत नाही, पण खळ्यावर आलेल्याला धान नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही.

पहिल्या वर्षी अकरा गावांनी भरभरून दिलं. मी आणि वासुदेव बैलगाडी घेऊन दारोदार फिरलो. जे आलं ते सगळं एका खोलीत ओतलं. छातीएवढा ढीग झाला! गुरुजींनी ढिगाला हार घातला, फोटो काढला आणि राईस मिलवाल्याला बोलावलं.

त्याने मूठभर धान उचललं, तळहातावर पसरलं आणि आमच्याकडे पाहिलं. "हे काय करून ठेवलं गुरुजी? बारीक, ठोकळ, लाल, सगळं एकात! मिलमध्ये टाकलं तर अर्धं फुटते अन् अर्धं सालासकट निघते. कोण घेईन याले?"

गुरुजी छाती काढून म्हणाले, "हे नुसतं धान नाई. यात अकरा गावांची एकी आहे!"

"एकीले भाव नाई गुरुजी. व्हरायटीले भाव आहे."

जन्मापासून धानाच्या बांधावर वाढलेली आम्ही माणसं! आमच्या घरी कोणी पोराने दोन जातींचं धान एकत्र केलं असतं तर बापाने त्याला उपाशी ठेवलं असतं. पण सार्वजनिक काम म्हटलं की माणूस अक्कल घरी ठेवून येतो. तो सगळा ढीग कोंबड्यांच्या खाद्याच्या भावात गेला, आणि पगार तिथेच अर्धे झाले.

*

दुसऱ्या वर्षी पायल्या कमी आल्या. गुरुजी म्हणाले, माणसाला नावाची भूक असते, देणाऱ्यांची नावं रेडूवर वाचा.

वाचायला लागलो. पायल्या धो धो यायला लागल्या! पण लोक हुशार. एक पायली स्वतःच्या नावाने, एक नातवाच्या, एक वारलेल्या बापाच्या. एकाने तर बैलाच्या नावाने दिली आणि बैलाचं नाव आलं नाही म्हणून भांडायला आला. शेवंताबाई सकाळी साडेसातला नावं वाचायला बसायच्या, त्या आठ वाजून गेले तरी वाचतच असायच्या. शेतीचा कार्यक्रम मागे मागे सरकत गेला.

पुढच्या हंगामातही तेच चालू राहिलं. त्या वर्षी धानावर तुडतुडा पडला. कोणती फवारणी कधी करायची ते सांगायला कृषी खात्याचे एक साहेब खास सावलीहून आले. बाहेर बाकावर बसले. आत नावं चालू. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी गुरुजींना म्हटलं, "नावं थांबवू का?" गुरुजी म्हणाले, "मधातच तोडलं तर ज्याचं राहीन तो तोडून खाईन आपल्याले!" साहेबांची बस आली. साहेब गेले.

पंधरा दिवसांनी पलीकडच्या गावचा एक शेतकरी केंद्रावर आला. आम्हाला वाटलं, नाव राहिलं असेल. तो दारातच उभा राहिला.

"गुरुजी, माहं नाव रेडूवर दोन खेप आलं. धान मात्र एक खेपबी घरी नाई आलं."

एवढंच बोलला आणि गेला. गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत. नावं बंद झाली. त्या माणसाची शिवी आली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

*

मच्छीचा किस्सा जरा हलका आहे. म्हणजे आता हलका वाटतो.

सलग तिसऱ्या महिन्यात पगार झाला नव्हता. तलावावरच्या ढिवर सोसायटीला ते कळलं. त्यांच्याकडे शेती नाही, पायली कुठून देणार? त्यांनी दोन टोपल्या ताजी मच्छी पाठवली. गुरुजींनी लगेच जाहीर केलं, "हा तुमचा पगार समजा!"

वासुदेव घरचा शाकाहारी. म्हणाला, "गुरुजी, मी मच्छी खात नाई."

"मंग विक."

"माहा बाप मले घरात घेणार नाई."

शेवंताबाई उठल्या. आपला वाटा पदराखाली घेतला आणि पायऱ्या उतरताना थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, हे मच्छी सकारी माह्या भावानं धरली. माह्या वहिनीनं टोपलीत भरली. अन् आता पगार म्हणून मी घरी घेऊन चालली. माह्याच घरून निघाली अन् माह्याच घरी आली. मधात रेडू कायले पाह्यजे?"

आम्ही खूप हसलो. त्या नाही हसल्या. त्या महिन्यात त्यांनी कानातले मोडून होस्टेलचे पैसे भरले, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

*

आता कोनशिलेचं ऐका. चौथ्या वर्षी एका भल्या माणसाने मोठी देणगी दिली. वासुदेव दोन वर्षांपासून एकच रड रडत होता, की टॉवरचं अर्थिंग खराब झालंय, नवीन करा, आपल्याकडे विजा किती पडतात! समितीची मीटिंग झाली. ठरलं की आधी कोनशिला बसवायची. संगमरवरी. देणगीदाराचं नाव, खाली समितीची नावं.

कोनशिला आली तोवर समितीत भांडण झालं आणि दोघांनी राजीनामा दिला. त्यांची नावं कशी ठेवायची? दुसरी कोनशिला केली. पहिली उलटी करून नळाजवळ टाकली, त्यावर आम्ही डबे घासायचो. अर्थिंगला पैसे उरले नाहीत.

गुरुजी म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की करू."

वासुदेव म्हणाला, "गुरुजी, वीज काय कोनशिला वाचून वापस जाते?"

गेली नाही. दिवाळीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला, भरदुपारी टॉवरवर वीज पडली आणि ट्रान्समीटर जळाला. त्या क्षणी शेवंताबाई बाळंतिणीच्या आहाराबद्दल सांगत होत्या. वाक्य अर्धंच राहिलं. माणसं वाचली हेच नशीब.

*

दुरुस्तीचा खर्च ऐकून गुरुजी खुर्चीत बसले ते उठेनात. तेवढा पैसा यायचा एकच मार्ग होता, त्या वर्षीच्या पायल्या. मळणी पंधरा-वीस दिवसांवर आली होती. पायल्या आल्या तर रेडू पुन्हा बोलणार. नाही आल्या तर कुलूप, आणि शेवंताबाईंच्या मुलीचं कॉलेजही तिथेच संपणार.

गुरुजी हळूच म्हणाले, "रेडू जळला हे बाहेर सांगू नका. बंद रेडूले कोण धान देईन?"

शेवंताबाई म्हणाल्या, "गुरुजी, माह्यानं खोटं बोलणं नाई होत."

"बोलायचं कुठी आहे? चूप राह्यचं आहे!"

शेवंताबाई चूप राहिल्या. बोलायचं काम माझ्याकडे आलं. लोक वाटेत अडवून विचारायचे, "काऊन गा दिवाकर, रेडू काऊन नाई बोलून राह्यला?" आणि मी, जन्माचा प्रॉम्प्टर, अडखळलो नाही. "आमचं तर चालू आहे. तुमचा सेट पाहा. सेल बदलून पाहा."

पहिल्या दिवशी जीभ जड झाली. तिसऱ्या दिवशी सवय झाली.

आठवड्यात अकरा गावांच्या दुकानांतले सेल संपले. मग सावलीचा रेडिओ मिस्त्री स्वतः सायकल मारत केंद्रावर आला. कॅरिअरला पोतं, पोत्यात दहा-बारा सेट.

"सगळे चांगले आहेत," तो म्हणाला. "दुसरे स्टेशन खणखण लागते. तुमचंच लागत नाई. खरं सांगा, बंद आहे ना?"

मी म्हटलं, "थोडं टेक्निकल आहे."

त्याने पोतं पुन्हा बांधलं. "तुमचं टेक्निकल लोकाइच्या खिशातून चालू आहे, भाऊ. म्या तं कोनाचे पैसे घेतले नाई. तुमी सांगा तुमचं."

मी तेव्हाही गुरुजींना जाऊन सांगितलं नाही, की आता पुरे करू. वीस दिवस. त्याची लाज मला आजही वाटते.

*

मग मळणी आली. गाडी घेऊन मी आणि शेवंताबाई निघालो. पहिलं गाव त्यांचंच, आणि गावात शिरल्या शिरल्या पहिलं घर गिरजाबाईचं. म्हातारी एकटी राहायची. तुकडाभर शेत, एक शेळी आणि एक रेडिओ. सकाळी साडेसातला शेवंताबाईंनी "राम राम अकरा गावाइले" म्हटलं की ही अंगणातून "राम राम बाई" म्हणायची, असं शेजारी सांगायचे.

गिरजाबाईने आमच्यासाठी पायली काठोकाठ भरून ठेवली होती. पण ती द्यायच्या आधी आत जाऊन रेडिओ घेऊन आली.

"सेल बदलले," ती म्हणाली. "या दिवाकरनं सांगतलं म्हणून. मंग जीपनं सावलीले गेली. मिस्त्री म्हणे सेट बरोबर आहे. मंग मले वाटलं, माहेच कान गेले. पण तू बोलून राह्यली तं आयकू येते वो, शेवंता. कान गेले का कसे?"

मी तोंड उघडलं. "थोडं टेक्निकल..."

"कान नाई गेले, माय," शेवंताबाई म्हणाल्या. "रेडू जळला. दिवाळीच्या आधीच जळला. आमी सांगतलं नाई. सांगतलं असतं तं तुमी धान देलं नसतं, म्हणून."

त्या पुढे काय काय बोलल्या. वीज, अर्थिंग, कोनशिला, दुरुस्ती किती, सगळं. आवाज रेडूवर असायचा तसाच, सावकाश. बोलता बोलता शेजारच्या अंगणातल्या बाया येऊन उभ्या राहिल्या. मी गाडीच्या दांडीला धरून उभा होतो. वाटलं, संपलं. रेडूही संपला, त्या पोरीचं कॉलेजही संपलं. आणि हे या बाईने स्वतःच्या तोंडाने संपवलं.

गिरजाबाईने सगळं ऐकून घेतलं. रेडिओ ओसरीवर नीट ठेवला. मग पायली ओढून घेतली, सूप पुढ्यात घेतलं आणि पायलीतून एक ओंजळ धान काढून सुपात टाकलं.

"हे सेलाचं."

दुसरी ओंजळ काढली.

"हे जीपच्या भाड्याचं."

मग माझ्याकडे पाहत तिसरी काढली. ती जरा मोठी होती.

"अन् हे?" मी विचारलं.

"हे तू माह्याशी खोटं बोलला त्याचं."

सूप तिने बाजूला सारलं. पायलीत उरलेलं धान आमच्या पोत्यात ओतलं, पायलीच्या बुडाला थाप मारून शेवटचा दाणाही पाडला, आणि शेवंताबाईंना विचारलं,

"रेडूले पुरते का वो एवढं?"