धाप लागते का, हा प्रश्न

वडील गेले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी निघाली. इंग्रजीत होती. विक्रोळीच्या आमच्या घरात ती वाचू शकेल असं कोणी नव्हतं; मी सातवीत. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतली तर कळलं, हृदय तपासून घ्या असं लिहिलं होतं. वडिलांनी घरी ते सांगितलंच नव्हतं. त्यानंतर आईने मरोळच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटल्या आणि मी बीएस्सी झाले. अख्ख्या घराण्यातली पहिली. हे मी कुठेही सांगते.

नोकरी पवईत लागली. हृदय कमजोर झालेल्या पेशंटसाठी आमची टीम मोबाइल ॲप बनवत होती. रोज सकाळी वजन टाकायचं, पायाला सूज आहे का, धाप लागते का, याची उत्तरं द्यायची. गडबड दिसली की नर्सचा फोन येणार. माझं काम, पेशंटच्या शेजारी बसून तो ॲपमध्ये कुठे अडतो ते बघायचं. मदत करायची नाही. तोंड बंद.

तोवर आईचंही हृदय थकलं होतं, औषधं चालू होती. ऑफिसात विचारून मी चाचणीचा फोन घरी आणला. "धाप लागते का?" आईने फटकन "नाही" दाबलं. स्क्रीन हिरवी.

दारात बसलेल्या शेजारच्या मालवणी काकू खेकसल्या, "खोटां कित्याक बोलतंस गे? महिनो झालो, जिनो तरी उतरलंस?"

"उतरलेच नाही तर धाप कशी लागेल?" आई म्हणाली. "भाजी दोरीने वर घेते मी. विचारलं तेवढंच सांगितलं."

खोटं नव्हतंच ते. तिने तीन मजल्यांचा जिना सोडून दिला होता आणि एका घरात राहून मला पत्ता नाही! मी नियम मोडला. "आई, आणखी काय काय सोडलंस?" कळशी उचलणं सोडलं होतं. आडवं झोपणंसुद्धा, तीन उशा लागत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. अंगात पाणी साठलं होतं. त्यांनी औषध बदललं, आठवड्याभरात सूज उतरली.

मी ऑफिसात सांगितलं, प्रश्न बदला.

"त्या प्रश्नावर एकही पेशंट अडकला नाही यार," टीम लीडर म्हणाला. "बदलायचा कशाला?"

"अडकत नाहीत, तिथेच वाट लागलीय. खरं उत्तर देतात आणि आपण हिरवा रंग दाखवतो."

"एकट्या तुझ्या आईवरून?"

"पेशंट बोलव. मी गप्प बसते."

पहिले आले घाटकोपरचे एक निवृत्त काका. धाप? नाही. मग स्क्रीनवर मी घातलेला प्रश्न आला: 'आधी करत होता आणि आता सोडलंय, असं काही आहे का?' काकांनी फोन मांडीवर ठेवला.

"खुर्चीत बसून झोपतो गं मी. आडवं झालं की जीव घाबरतो. हे कोणी विचारलंच नाही ना."

काचेपलीकडून बघणारा टीम लीडर उठून आत आला. आधी काकांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला, मग माझ्याकडे वळला. "झकास. बदल."

आज ॲपमध्ये तो प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो. ते वाक्य मी लिहिलेलं आहे.