उमरखेडवाली

सत्काराला बोलावलं की हमखास विचारतात, बाई, तुम्ही तर खेड्यापाड्यांत अडल्यानडल्या बायकांची समजूत काढायचं काम करत होता, तिथून कथा लिहायला कशा लागलात? मी शाल सावरत अनुभवाची शिदोरी वगैरे काहीतरी भारदस्त सांगते. खरं उत्तर असं, की मी एका बाईशी धडधडीत खोटं बोलले आणि मग मला ते निस्तरता येईना.

आपला जिल्हा मुंबई राज्यात जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी बावीस वर्षांची, यवतमाळात वाढलेली, नाकावर राग घेऊन फिरणारी. ग्रामसेविका म्हणून बोरी अरबला नेमणूक झाली. कागदावर माझं काम होतं बालवाडी, शिवणकाम आणि बिनधुराची चूल. पण चूल दाखवायला बसलं की धूर नसतानाही बायकांच्या डोळ्यांत पाणी. चूल राहायची बाजूला आणि सासू, नवरा, सवत सगळं बाहेर पडायचं. समुपदेशन हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता. एखादी जीव द्यायला निघाली की गावातले लोक म्हणायचे, बाईले बोलवा. ती बाई म्हणजे मी.

जवळच्या तांड्यावर बुधवारी माझी फेरी असे. पूर्वी बैलांवर माल लादून देशोदेशी फिरणारी ही माणसं, आता तिथंच शेती करून राहिलेली. तिथली एक बाई रोज दुपारी विहिरीच्या काठावर पाय सोडून बसायची. सात वर्षं मूल नाही, म्हणून नवऱ्यानं होळीनंतर दुसरी आणायचं ठरवलं होतं. दुसरी दारात आली की मी विहिरीत, असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं. आणि ती बोलेल तसं करणारी आहे, असं तिची सासूच म्हणाली.

मी गेले. प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं तिच्यापुढे ओतलं. पहिली असताना दुसरी करता येत नाही हा नवा कायदा सांगितला, जीव किती मोलाचा ते सांगितलं. तिनं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. शेवटी पाण्याकडे बघतच म्हणाली, "तुमचं लगन नाही, लेकरू नाही. तुमाले काय समजते?"

मला असा राग आला म्हणता! आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, मला नसेल समजत, पण तिकडे उमरखेडला माझ्या ओळखीची एक बाई आहे, तिचं अगदी तुझ्यासारखंच झालं होतं.

तिनं मान वळवली. "मंग काय केलं तिनं?"

आता काय सांगणार, कपाळ? उमरखेड मी जन्मात पाहिलं नव्हतं. पुढच्या बुधवारी सांगते म्हणून उठले. पण परत येताना लक्षात आलं, बुधवारपर्यंत तरी ही उडी मारणार नाही.

पुढच्या बुधवारी मी सांगितलं की उमरखेडवालीनं पहिल्यांदा काय केलं असेल तर आपली चूल वेगळी मांडली. आठ दिवसांनी जाऊन पाहते तर हिची चूल वेगळी. मग उमरखेडवालीनं पायातले चांदीचे वाळे मोडून बकऱ्या घेतल्या. हिच्या दारात दोन बकऱ्या. माझ्या तर अंगावर काटाच आला. जे मी सायकलवर बसल्या बसल्या मनात जुळवायची, ते आठ दिवसांत तांड्यावर घडून जायचं. त्यातून ती मोठी चिकित्सक. एकदा मी उमरखेडवालीची काळी बकरी चुकून पांढरी सांगितली, तर लगेच म्हणाली, मागच्या बुधवारी काळी होती. तेव्हापासून मी सगळं दौऱ्याच्या डायरीत मागच्या पानांवर लिहून ठेवायला लागले. पुढे बालवाडीची हजेरी, मागे उमरखेडवाली.

एका बुधवारी माझं साहेबांशी वाजलं होतं, डोकं तापलेलं. त्या भरात मी उमरखेडवालीच्या हातात झाडू दिला आणि नवऱ्याच्या पाठीत दोन घालायला लावले. चौथ्या दिवशी हिचा नवरा माझ्या खोलीच्या पायरीवर हजर. मला वाटलं, भांडायला आला. तो बिचारा पाठ चोळत म्हणाला, "बाई, त्या उमरखेडवालीच्या नवऱ्याशी माही गाठ घालून द्या. त्याचं कसं चालू हाय, मले इचाराचं हाय."

हसू दाबता दाबता माझा जीव गेला. पण त्या दिवशी मला एक कळलं, ते आजही लिहिताना विसरत नाही. आपण कागदावर झाडू उचलला की कुठंतरी कुणाच्या तरी पाठीत तो बसतो.

होळी झाली. दुसरी काही आली नाही, कारण झाडूची बातमी चार तांड्यांत पोचली होती आणि त्याला कुणी पोरगी देईना. मी खुशीत होते. आणि एका बुधवारी तांड्यावर गेले तर हिच्या झोपडीला कडी. सासू म्हणाली, "उमरखेडले गेली, परवाच्या मोटारीनं. तिले भेटाले." उमरखेडवालीसाठी आरसे आणि कवड्या लावून एक पिशवी शिवली होती म्हणे, महिनाभर खपून. ती घेऊन गेली होती.

माझं धाबं दणाणलं. दारव्हा, दिग्रस, पुसद, आणि तिथून पुढे उमरखेड. ती बाई आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब गेलेली, आणि तिथं कोणीच नाही. ज्या बाईच्या आधारावर ही काठावरून उठली, ती बाईच नाही असं कळल्यावर? विहिरी काय उमरखेडलाही असतीलच. मला जेवण जाईना. रोज दुपारी बालवाडी सोडून मी मोटारीच्या थांब्यावर जाऊन उभी राहायची. स्वतःला इतक्या शिव्या मी आयुष्यात दिल्या नाहीत.

पाचव्या दिवशी ती उतरली. धुळीनं माखलेली, काखेत पिशवी तशीच. मला पाहून थांब्यावरच्या निंबाखाली बसली. मीही बसले. दोन दिवस तिनं गल्लीगल्लीत विचारलं होतं. एका पिंजाऱ्याच्या बायकोनं तिला घरी ठेवून घेतलं, जेवू घातलं, तिच्याबरोबर हिंडलीसुद्धा. दोघींना काळ्या बकऱ्या पुष्कळ सापडल्या, पण ती बाई नाही.

"ते बाई नाहीच ना?" तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं. खोटं बोलले म्हटलं. माझे डोळे भरून आले होते आणि तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "मोटारीत लय रडली मी. पुसदपर्यंत रडली. मंग मले वाटलं, ते नाही तं मंग चूल कोणं मांडली? बकऱ्या कोणं घेतल्या? ते सारं म्याच केलं न बाई."

मी तिचा हात धरून ठेवला. सरकारनं शिकवलेल्या सगळ्या समजुतीत एवढं शहाणपण नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. मी नको म्हटलं, तर म्हणाली, तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी हाय. मग तांड्याच्या वाटेला लागली. चार पावलं जाऊन वळली.

"बुधवारी या. मंग पुढं काय झालं तिचं, ते सांगा."

मी आणखी सहा वर्षं नोकरी केली, मग सोडली आणि लिहीतच राहिले. छापायला जायच्या आधी कागद त्याच पिशवीत ठेवते. दोन आरसे पडलेत, कवड्या शाबूत आहेत.