बारक्या ताऱ्याचे चार काटे

भूतखेत, शकुन-अपशकुन यातलं मला काही पटत नाही. तेव्हाही पटत नव्हतं. तरी लिहितोय, कारण तो राग अजून डोक्यातून गेलेला नाही...

निजामाच्या राजवटीचं शेवटचं वर्ष. आमचं गाव उमरग्याजवळ. थोरला भाऊ सिद्रामदादा रझाकारांशी लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेलेला, कित्येक महिने निरोप नाही. वडील नव्हते. घरी आई, वहिनी आणि मी. मला ताऱ्यांचे फोटो काढायचा नाद. कॅमेरा बिजागरीच्या पाटावर बसवून, ताऱ्यांच्या रेघा उमटू नयेत म्हणून आकाशाच्या चालीनं हळूहळू पाटाचा स्क्रू फिरवत बसायचो.

एकदा फोटोत सगळ्या ठळक ताऱ्यांना चार-चार काटे फुटलेले! बघतो तर आईनं दृष्ट लागू नये म्हणून भिंगावर काळा दोरा उभा-आडवा बांधलेला. दोऱ्यानं उजेड असा फाकतो, साधं शास्त्र. दोरा काढला आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर परत फोटो घेतला. व्याध स्वच्छ, मृग स्वच्छ. पण व्याधाशेजारच्या एका बारक्या ताऱ्याला – तेवढ्या एकालाच – चार काटे!

फोटो वाळत होता, तो शेजारच्या घरात राहणाऱ्या चुलत्यांनी पाहिला.

"ह्यो आपला सिद्राम हाय. गेला पोरगा..."

"काका, काय बी बोलू नका! भिंगाचा दोष असंल."

"मग बाकीच्यास्नी का न्हाय?"

आणि तेवढ्यावर – अहो, तेवढ्यावर! – त्यांनी बायका बोलावून वहिनींच्या बांगड्या फोडल्या. मी मधे पडलो तर मलाच खोलीत कोंडलं. अक्कल गहाण टाकलेली माणसं!

पोलीस ॲक्शननंतर दादा धडधाकट घरी आला. चुलते हार घेऊन सगळ्यांच्या पुढं. दादानं वहिनींचे मोकळे हात पाहिले आणि हार हिसकून फेकला. आईनं कासाराला बोलावलं, तर वहिनी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"मामंजी, फोडायला आलता, तसं भरायला बी तुमीच बसा. समद्या गावाम्होरं."

चुलते बसले. मान खाली घालून एकेक बांगडी कासाराच्या हातात देत राहिले.

दादा जिवंत होता, भिंग तेच होतं, दोरा नव्हता. मग काटे कुठून आले? नंतर एकाही फोटोत ते दिसले नाहीत. मला आजही सांगता येत नाही. पण नाही कळलं तर गप बसावं ना माणसानं! बाईच्या हाताला कशाला हात घालता?