बेलारमिनोमामाच्या होडीतली बाग

बेलारमिनोमामाएवढा इमानदार कोळी आमच्या खाडीत दुसरा नव्हता, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. मासळी अंडी घालते त्या महिन्यांत मासेमारी बंद ठेवायची, असं गावानं ठरवलं. बारीक भोकांची जाळी तर जाळूनच टाकायची, कारण त्यात पिल्लंही येतात. सभेत सगळ्यांत मोठ्यानं मामाच बोलला, म्हणून राखणदारांचा म्होरक्याही तोच झाला. पण त्याचं स्वतःचं बारीक जाळं पडलं बापानं विणलेलं. जाळायला हात धजेना. मग घरामागच्या गळक्या होडीत ते दडवून त्यानं वर झावळ्या टाकल्या.

आता बंदीत खायचं काय? मामा राखणीला पलीकडच्या काठाला गेला, तेवढ्यात युडोसियामामीनं शेजारणी गोळा केल्या. भरतीचं पाणी नि खेकडे पोचू नयेत म्हणून ती होडी खांबांवर चढवली, झावळ्यांवरच वारुळाची माती ओतली. झावळ्या कुजून खत होईल, म्हणाली. वर मिरच्या, कांद्याची पात, रानकोथिंबीर.

मामा आला नि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. बोलावं तर चोर, गप्प बसावं तर बापाचं जाळं मातीत. त्यात आमच्याकडे बायकांच्या बागेला पुरुषानं हात लावायचा नसतो, पात करपते. बिचारा नुसता होडीभोवती घिरट्या घालायचा. मामीला वाटलं, म्हाताऱ्याला बागेचा लळा लागला. चारचौघींत कौतुक करायची.

कोथिंबीर चांगली फोफावली. शेजारणींना रोपं द्यायची म्हणून मामी त्यांना बोलवायला गेली. मामानं संधी साधली. मातीत कोपरापर्यंत हात घातला, जाळ्याचं टोक सापडलं, आणि भरलेलं जाळं ओढावं तसं ओढलं. मुळं भोकाभोकांतून गेलेली. अख्खी बाग उठून अंगावर आली, मामा चिखलात उताणा, डोक्यावर मिरच्या.

तेवढ्यात बायका हजर.

क्रिस्पिना शेजारीण म्हणाली, "काय म्होरक्या, बंदीत चांगलंच गावलंय की."

मामीनं आधी जाळं बघितलं, मग नवऱ्याला. मामा म्हणाला, जाळून टाकतो, आत्ताच.

"आणि त्यात अडकलेली माझी कोथिंबीर? बंदीभर काय तुझी इमानदारी शिजवू?"

शेवटी बायकांनीच निवाडा केला. जाळं मातीखाली कैदेत राहील, पहारा मामीचा, म्होरकेपणही तिचंच. मामानं सगळं जागेवर पुरून रोज पाणी घालायचं.

आता बाग करपणार, असं सगळ्या धरून चालल्या होत्या. कुठलं काय, दुप्पट फुटली. मामी म्हणाली, "पुरुषाचा हात चालत नाही, चोराचा चालतो वाटतं."

बंदी उठली तरी जाळं तिथंच आहे. नारळाच्या रश्श्यावर कोथिंबीर पडली की मामा अजून ऐटीत म्हणतो, "बापाचं जाळं आहे. रिकामं कधी आलं नाही."