सुमन मावशीचा रकाना

मी परळ सोडलं त्या दुपारी आई मला निरोप द्यायला हॉस्पिटलमधून वीस मिनिटांसाठी आली होती. वॉर्डात दोन आयाबाया गैरहजर होत्या, त्यामुळे तिला सुट्टी मिळाली नव्हती. अंगावर ड्युटीचीच साडी, पदर खोचलेला, हाताला फिनेलचा वास. चाळीच्या दाराशी टॅक्सी उभी होती, डिकीत माझ्या दोन बॅगा होत्या आणि भोवती अख्खा मजला सल्ले देत उभा होता. जन्मात पनवेलच्या पलीकडे न गेलेली माणसं मला लंडनच्या थंडीबद्दल सांगत होती. मी लंडनला चाललेच नव्हते, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात चालले होते, पण ते कुणाला पटत नव्हतं. आईने सगळ्यांना कोपराने बाजूला केलं आणि म्हणाली, “पोचलीस की फोन कर. आणि तिकडं कुणासमोर रडायचं नाही. नोकरीवर तर नाहीच नाही.” मग तिने घड्याळ बघितलं. टॅक्सी सुटायच्या आधीच ती हॉस्पिटलच्या रस्त्याला लागली होती.

हे लिहितेय ते त्या मजल्यावर मागे राहिलेल्यांसाठी. आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही, ज्या आता चाळीच्या ग्रुपवर रोज सकाळी उगवत्या सूर्याच्या फोटोवर ‘सेल्फ-केअर’चे सुविचार टाकतात. दोन्हींबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्याबद्दलचं त्याहून वाईट आहे, ते पुढे येईल.

आई ज्या हॉस्पिटलात आयाबाई होती तिथेच मी नर्सिंग शिकले. ड्युटीवर ओळख द्यायची नाही, हा आईचा नियम. मी तिला ‘मावशी’ म्हणायचं, ती मला ‘सिस्टर’. अगदी अहो-जाहो. घरी मला मोरीतून ‘उज्जू, टॉवेल दे’ म्हणून ओरडणारी बाई वॉर्डात “सिस्टर, बेडपॅन घेऊ का?” असं विचारायची, तेव्हा पहिला आठवडा मला हसू यायचं. नंतर सवय झाली. सवय इतकी चांगली झाली की मी खरंच तिला मावशी समजायला लागले, पण हे मला फार उशिरा कळलं.

स्टाफच्या मनाचं काय करायचं, याची त्या हॉस्पिटलात एकच ठरलेली पद्धत होती, ती म्हणजे मेमो. नातेवाईकांनी सिस्टरच्या अंगावर हात टाकला तर सिस्टरलाच विचारायचे, तुम्ही काय बोललात? पेशंट गेल्यावर एखादी नवी मुलगी वॉर्डात रडली, तर इन्चार्ज बाई तिला केबिनमध्ये घेऊन शिस्त शिकवायच्या. ‘आमच्या वेळी’ हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांच्या वेळी कुणी मरत नव्हतं, की कुणाला काही वाटत नव्हतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. या बाईंना पुढे आदर्श परिचारिका म्हणून शाल आणि नारळ मिळाला.

आईने मात्र आपली एक रीत लावून ठेवली होती. वॉर्डात मृत्यू झाला आणि सिस्टरचा चेहरा उतरलेला दिसला की ती गॉजचं, म्हणजे जखमेवर बांधायच्या जाळीदार कापडाचं, थान उचलायची, सिस्टरला साइडरूममध्ये स्टुलावर बसवायची आणि म्हणायची, “सिस्टर, पॅड कमी आहेत. जरा कापून द्या.” पॅड कधीच कमी नसायचे. स्टीलचे ड्रम भरून कपाटात ठेवलेले असायचे. पण गॉज कापायचा, कडा आत घ्यायच्या, दोरा सुटता कामा नये अशी घडी घालायची, आणि एकावर एक रचायचं. ते करताना रडलं तरी कुणी बघत नाही, आणि इन्चार्ज बाई डोकावल्या तरी काम चालू दिसतं. वीसेक पॅड झाले की घडी सरळ पडायला लागते. मग आई येऊन म्हणायची, “झाले की. बस झाले.” आणि सिस्टर तोंड धुऊन वॉर्डात परत.

मलाही तिने एकदा बसवलं. मुलांच्या वॉर्डात माझी पोस्टिंग होती आणि नऊ नंबरच्या बेडवरचा मुलगा गेला. माझ्यासमोर गेलेलं ते पहिलं मूल. आईने परक्या बाईसारखं मला म्हटलं, “सिस्टर, पॅड कमी आहेत,” आणि मी गेले, बसले, कापत राहिले. ही गोष्ट मी पुढे कितीतरी वेळा, कितीतरी लोकांना सांगितली. छान सांगते मी ती.

आता इकडचं. इकडे कुणाला मेमो मिळत नाही, इकडे वेबिनार मिळतो. आमच्या हॉस्पिटलात एक वेलबीइंग रूम आहे. पूर्वी तिथे मोडक्या व्हीलचेअर ठेवायचे, आता दोन बीनबॅग, एक प्लास्टिकचं झाड आणि भिंतीवर ‘इट्स ओके नॉट टू बी ओके’. खोलीला कुलूप असतं, कारण पहिल्याच महिन्यात कुणीतरी किटली नेली. चावी हवी असेल तर ईमेल करायचा. आम्हाला फोनवर एक अ‍ॅप दिलंय, त्यातून देवमाशाचे आवाज येतात. बारा तास उभं राहून पाय सुजलेल्या बाईला देवमासा काय सांगणार, हे मला अजून उमगलेलं नाही. माणसं कमी आहेत, रजा नामंजूर होतात, पण वर्षातून एक दिवस कपकेक येतात. या सगळ्याला ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ म्हणतात. आघाताची माहिती त्यांना मिळालेली आहे, एवढाच त्याचा अर्थ असावा. आणि परळला काही वेगळं चाललंय असं समजू नका. चाळीसमोरच्या गिरणीच्या जागी जो काचेचा टॉवर आहे, तिथे म्हणे ध्यानाला बसायच्या खोल्या आहेत, आणि त्या झाडायला आपल्याच मजल्यावरच्या दोघी जातात, रोजंदारीवर.

तर गेल्या वर्षी आमच्या वॉर्डात एक तरुण मुलगा फार वाईट तऱ्हेने गेला. रक्त थांबेना. त्याची नर्स होती जिन्सी, केरळची, इकडे येऊन जेमतेम चार महिने झालेली. मी त्या शिफ्टची सीनियर. तिचे हात बघितले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, बँडेज विस्कटलीत, चल लावून घेऊ. स्टोअरमध्ये बसून आम्ही दोघींनी साइजप्रमाणे बँडेज लावली. ती मुलगी आजही आमच्याकडे नोकरी करते.

पण नियमाप्रमाणे लगेच डीब्रीफिंग, म्हणजे सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं करणं, व्हायला हवं होतं. क्लेअर म्हणून आमची वेलबीइंगची मॅनेजर आहे. तिने मला जाब विचारला, जिन्सीला एकटं का पाडलंत? मग मी तिला गॉजची गोष्ट सांगितली. आधीच म्हटलं, मी ती छान सांगते. क्लेअरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसत ती म्हणाली की हे फार सुंदर आहे, आणि याला खर्चही काही नाही.

पंधरा दिवसांत योजना तयार. इकडे गॉज कुणी कापत नाही, सगळं पाकिटात तयार येतं, म्हणून खास गॉजची थानं मागवली. सोबत लहान मुलांच्या बोथट कात्र्या, सुरक्षेसाठी. नाव ठेवलं ‘फोल्ड युअर फीलिंग्ज’. पोस्टरवर माझ्या आईचा फोटो हवा, शक्यतो साडीत, शक्यतो हसरा. आणि ही योजना चालवायला एक वरची पोस्ट निघणार होती, ती मला. मी या लोकांना मनातल्या मनात किती हसले म्हणून सांगू. पण पोस्ट मला हवी होती. शिफ्ट संपणार होत्या, शनिवार-रविवार मोकळे मिळणार होते. मी हो म्हटलं.

मंजुरीला चार-पाच महिने गेले, मग क्लेअरने एक फॉर्म दिला. आईची संमती, आणि ‘सुमनची गोष्ट’ या नावाखाली आठ-दहा रकाने. त्या रविवारी मी आईला फोन लावला. ती रिटायर झालीये, आता संक्रमण शिबिरात राहते, चाळ पाडून झाली. फोटोचं ऐकून ती हसली. “माझा फोटो? गोऱ्यांच्या दवाखान्यात? आणि गॉज कापायला लावणार त्यांना? अगं, इन्चार्जने मेमो देऊ नये म्हणून मी त्या पोरींना आत लपवायचे. त्यात कसलं आलंय शास्त्र?”

मी एकेक रकाना वाचत होते आणि ती उत्तरं देत होती. नोकरी किती वर्षं, कोणते वॉर्ड, असलं काहीबाही. मग एक प्रश्न आला, तोही मी तसाच वाचला, मराठी करून: अशा प्रसंगांनंतर सुमनला कोणी आधार दिला?

मला वाटलं रेंज गेली. मी हॅलो हॅलो केलं.

“आहे मी,” ती म्हणाली. “हे कोणी लिहिलंय?”

“फॉर्मवर छापलेलं आहे.”

“तुला नव्हतं का गं कधी विचारावंसं वाटलं?”

मग तिने सांगितलं. त्या नऊ नंबरच्या मुलाचं नाव संदेश. जालन्याकडचा. त्याची आई औषधं आणायला खाली-वर करायची, तेव्हा तो माझ्या आईच्या हातूनच दूध प्यायचा, दुसऱ्या कुणाकडून घ्यायचा नाही. तीन आठवडे. तो गेला तेव्हा मला साइडरूममध्ये बसवून आईनेच त्याला पुसलं, बांधलं, खाली शवागारात पाठवलं. मग इन्चार्ज बाईंकडे जाऊन म्हणाली, पाच मिनिटं बसू का. “त्या काय म्हणाल्या माहितीय? मावशी, तुम्हाला काय झालं? तुम्हाला सवय आहे. बेड लावा, पेशंट वर येतोय.” आईने कार्बोलिकने बेड पुसला, चादर घातली. “तेवढ्यात तू बाहेर आलीस. तोंड धुऊन. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. आणि तू मला म्हणालीस, मावशी, चहा आणा.”

मला यातलं काही आठवत नव्हतं. गॉजची घडी आठवत होती, बेडचा नंबर आठवत होता. मुलाचं नाव नाही, आणि चहाचं तर नाहीच. पण आई खोटं बोलत नाही. मी चहा मागवला असणार, आणि तिने तो आणून दिला असणार. इतकी वर्षं मी त्या इन्चार्ज बाईंची नक्कल करून लोकांना हसवत आले. त्यांच्यात आणि माझ्यात फरक इतकाच की त्यांची ती आई नव्हती.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर मी त्या तरुण मुलाच्या डीब्रीफिंगला कुणाकुणाला बोलावलं त्याची जुनी यादी काढली. ती मीच केलेली होती. डॉक्टर, नर्सेस, फिजिओ, एक विद्यार्थी. ग्रेसचं नाव नव्हतं. ग्रेस म्हणजे आमच्या वॉर्डातली घानाची सफाईवाली. त्या तरुण मुलाचं रक्त जमिनीवरून, पलंगाच्या चाकांतून तिने तासभर गुडघ्यांवर बसून काढलं होतं. मी तिला ओलांडून दोनदा गेले होते, पाय घसरू नये म्हणून जपून, आणि जाताना सॉरीसुद्धा म्हणाले होते.

क्लेअरला विचारलं. ती म्हणाली, सफाईवाले काँट्रॅक्ट कंपनीचे आहेत, ते आपला स्टाफ होत नाहीत. अगदी प्रेमाने म्हणाली. मी आईच्या फॉर्मवर त्या रकान्यात लिहिलं, ‘कोणी नाही. तिच्या मुलीनेही नाही.’ फोटो दिला नाही. क्लेअर म्हणाली, हे जरा जड होतंय, थोडं सौम्य करता येईल का? मी म्हटलं, नाही. पोस्ट दुसऱ्या कुणालातरी मिळाली. ती बाई चांगली आहे, तिला बोथट कात्र्यांची लाज वाटत नाही.

ग्रेसकडे मी गेले, सहा महिने उशिरा. माफी मागितली. तिने मॉप थांबवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, तुला काही हवंय का माझ्याकडून? तिला दोष देता येत नाही. आता वॉर्डात कुणी गेलं की मी आधी तिला गाठते, आणि ती पुसत असेल तर दुसरा मॉप घेते. हे नियमात बसत नाही. बोलणं आमचं अजून फारसं होत नाही.

तुम्ही विचारता, परत कधी येणार, घराची आठवण येते की नाही. खोली गेली, मजला गेला, त्याबद्दल गळे काढणाऱ्या पोस्ट मला अजिबात वाचवत नाहीत. त्याच मजल्यावर संडासच्या रांगेवरून आपण एकमेकांची डोकी फोडत होतो. माझं घर आता रविवारी दुपारी तासभर असतं. आई फोनवर एकेका पेशंटबद्दल सांगते, नावासकट. तिला सगळी नावं येतात. मधे कधी तिला रडू येतं, आणि माझ्या जिभेवर इकडे शिकलेलं एखादं शहाणं वाक्य येतं. ते मी गिळते. गेल्या रविवारी ती बराच वेळ रडली आणि मग म्हणाली, “ठेवू का? तुला कामं असतील.” मी म्हटलं, “नाहीत. तू सांग.”