वाट कुणी सोडायची

कुत्रा मुलाने आणला. पुढे मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि कुत्रा माझ्याकडे राहिला. अल्सेशियन म्हणून घेतलेलं पिल्लू मोठं झाल्यावर निम्मं गावठी निघालं, एक कान उभा आणि एक पडलेला. मुलाने त्याला काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण ते माझ्या तोंडात बसेना. मी नुसतं 'अरे' म्हणायचो आणि तो यायचा. घरात आम्ही दोघंच असल्यामुळे कुणाला हाक मारली याचा घोळ होत नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. बँकेतली नोकरी, कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या बाजूला कर्ज काढून बांधलेलं घर, रविवारी सकाळी मुलाचा फोन. शेजारपाजार वाईट नव्हता. येताजाता 'काय साहेब' म्हणायचे. पण हॉलमधली बुद्धमूर्ती एकदा पाहून गेल्यावर शेजारच्या बायका माझ्या बायकोला 'साखर लागली तर सांगा हं' असं आवर्जून म्हणायच्या आणि आमच्याकडे साखर मागायला मात्र एकदाही आल्या नाहीत. ती हसून सोडून द्यायची. मी सोडणारा नाही, माझं नाक पहिल्यापासून जरा तिखट. ती गेली आणि घरातलं हसून सोडून देणारं माणूसच गेलं.

रोज पहाटे उजाडताना मी कुत्र्याला घेऊन रंकाळ्यावर जायचो. दिवसभरात कुणाशी कामाशिवाय बोलणं व्हायचं नाही, पण तिथे निदान माणसं दिसायची. फिरणारे, पळणारे, तालमीतली पोरं, म्हशी धुवायला आणणारे. साखळीला कुत्रा असला की माणसं जरा लांबूनच जातात. "चावतंय काय ओ?" एवढाच प्रश्न मला रोज पाच-सहा जण विचारायचे. मी "नाही" म्हणायचो. ते मान हलवायचे आणि तरीही लांबूनच जायचे.

त्या वाटेवर एक म्हातारे गृहस्थ भेटायचे. भेटायचे म्हणजे समोरून यायचे. पांढऱ्या भरघोस मिश्या, स्वेटरवर कोट, करकर वाजणाऱ्या चपला. हातात चामड्याचा पट्टा आणि पट्ट्याला एक उंच, पोट आत गेलेला मुधोळी कुत्रा. शिकारीची जात ती, चाल बघत राहावी अशी. मी पन्नास पावलांवर दिसलो की हे गृहस्थ वाट सोडून रस्त्याच्या पलीकडे जायचे. कुत्र्याला आपल्या पायाच्या आतल्या बाजूला घ्यायचे, तलावाकडे तोंड करून उभे राहायचे आणि मी पुढे गेल्याशिवाय परत वाटेवर यायचे नाहीत. रोज हे असंच चालायचं.

आता इथे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. जयसिंगपूरजवळचं आमचं गाव. वडील लहान असताना समोरून गावातलं मोठं माणूस आलं की आमच्या लोकांनी वाट सोडून गटारीच्या कडेला उतरायचं, अशी रीत होती. छप्पन साली धम्म घेतला आणि वडिलांनी आपला एक वेगळा नियम घेतला. ते रस्त्याच्या मधोमध चालायला लागले. बैलगाडीवाले ओरडायचे, सायकलवाले घंटी वाजवून दमायचे, वडील हलायचे नाहीत. एकदा एका गाभण म्हशीने ढुशी दिली तेव्हा हलले, तेवढंच. मला शाळेत घालताना म्हणाले होते, "वाट समद्यांची हाय. कुणासाठी बाजूला व्हायचं न्हाय." अभ्यास कर असं म्हणाल्याचं मला आठवत नाही, हे मात्र आठवतं.

तेव्हा त्या मिशाळ गृहस्थांचं रोज पलीकडे जाणं मला दोन तऱ्हांनी दिसायचं. मन बरं असेल त्या दिवशी वाटायचं, बघा, एवढा घरंदाज माणूस माझ्यासाठी वाट सोडतो. वडील असायला हवे होते. आणि मन बरं नसेल त्या दिवशी, म्हणजे बहुतेक दिवशी, वाटायचं की हा माणूस मला टाळतो. याला कुणीतरी सांगितलंय मी कोण ते. आपल्या मुधोळीची सावलीसुद्धा माझ्या गावठीवर पडू देत नाही. मी मग मुद्दाम वाटेच्या मधून, साखळी सैल सोडून, छाती काढून जायचो. कुत्र्याला काय कळणार होतं! तो बिचारा शेपटी हलवत त्या मुधोळीकडे बघत जायचा.

असं वर्षभर चाललं. मग पावसाळा संपता संपता पलीकडच्या कडेला कसलीतरी पाइपलाइन टाकायला चर खणला. तिकडे पाय ठेवायला जागा राहिली नाही. मला ते दिसत होतं. मी मागे फिरू शकत होतो, दहा पावलांवर झाडाखाली थांबू शकत होतो. थांबलो नाही. समोरून ते आले, चराकडे पाहिलं आणि हात वर करून म्हणाले, "पावणं, जरा थांबा की. तिकडनं वाट न्हाय."

वर्षभरात त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी चालतच राहिलो. अगदी जवळ गेल्यावर मलाच भीती वाटली आणि मी साखळी गच्च ओढली. कुत्र्याचे पुढचे पाय हवेत उचलले गेले. शेपटी हलवणारा माझा कुत्रा एकदम दात काढून गुरगुरला आणि पुढच्या क्षणी दोन्ही कुत्री एकमेकांत होती. मला ओरडण्यापलीकडे काही सुचलं नाही. त्या गृहस्थांनी मध्ये सरळ हात घातला आणि आपल्या कुत्र्याचा जबडा सोडवला. माझ्या कुत्र्याचा उभा कान फाटला होता. त्यांच्या तळहातातून रक्त गळत होतं, ते माझ्याच कुत्र्याच्या दातांनी.

"लागलं काय हो तुमास्नी?" त्यांनी विचारलं.

मी काय म्हणावं? मी म्हणालो, "धरता येत नाही तर पाळता कशाला?"

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मग खिशातला रुमाल हाताला गुंडाळत म्हणाले, "चुकलं आमचं," आणि कुत्रा घेऊन आल्या वाटेने परत गेले.

सकाळीच मी कुत्र्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई कोल्हापूरच्याच, तोंडाने फटकळ. कानाला टाके घालता घालता त्यांनी सगळं विचारून घेतलं.

"साखळी वढली न्हवं तुम्ही?"

"ओढली. मग काय सोडायची?"

"तिथंच चुकलं की. साखळी ताणली की कुत्र्याला वाटतंय मालक भ्यालाय. मालक भ्याला म्हंजे समोरचा वैरी. आणि अनोळखी कुत्री अशी तोंडासमोर तोंड आणायचीच न्हाईत. एकानं बाजूला व्हायचं."

"कुणी?" मी विचारलं. माझा आवाज चढला असणार, कारण त्यांनी मान वर केली.

"ज्याचं कुत्रं दमाचं हाय त्यानं. ज्याला कळतंय त्यानं. ह्यात काय मानपान असतोय व्हय?" त्यांनी टाक्याचा दोरा कापला. "ते मुधोळवाले आण्णा बघा. माझ्याकडंच येतात. आत्ता तुमच्या आधीच येऊन गेले, कुत्र्याला तपासा म्हणून. स्वतःच्या हाताला रुमाल तसाच. मी म्हटलं, आधी माणसाच्या डॉक्टरकडं जावा. काय झालं विचारलं तर म्हणाले, समोरच्या साहेबांचं कुत्रं लहान हाय, मीच मागं फिरायला पायजे हुतं."

मी कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. वर्षभर ते पलीकडे जात होते ते माझ्यामुळे नव्हे, माझ्या कुत्र्यासाठी. आपला कुत्रा दमाचा आहे हे त्यांना माहीत होतं आणि माझा लहान. बस, एवढंच. मी कोण आणि कुठला, हे त्यांच्या मनातही आलं नसेल. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर लाजेच्या खाली आनंदही झाला. या गावात एक माणूस रोज पहाटे माझा विचार करून रस्ता ओलांडत होता.

आता त्यांची माफी मागायची होती. पण दोघांच्या हातात कुत्री असताना ती कशी मागायची? त्या दिवसानंतर ते मला दिसले की आणखी लांब जायचे, कधी कधी घाटाच्या पायऱ्या उतरून खाली पाण्याशी उभे राहायचे. मी वरून हात उचलायचो. तेही बांधलेला हात उचलायचे. एवढ्या लांबून 'चुकलं माझं' म्हणून ओरडायचं म्हणजे निम्म्या रंकाळ्याने ऐकलं असतं. कुत्रा घरी ठेवून जावं असंही मनात यायचं, पण पहाटे मी चपला घातल्या की तो दारात साखळी तोंडात धरून उभा असायचा. त्याला आत कोंडून जाणं मला जमलं नाही. खरं म्हणजे त्याच्याशिवाय त्या माणसासमोर जाऊन उभं राहण्याचं धाडसही नव्हतं.

मग एकदा ठरवलं. बोलता येत नाही तर करून दाखवायचं. उद्यापासून ते दिसायच्या आत मीच बाजूला व्हायचं, कुत्र्याला पायाच्या आत घ्यायचं, तलावाकडे तोंड करून थांबायचं. त्यांना वाट द्यायची. त्यांना बरोबर कळेल. वडिलांना मी मनातल्या मनात समजावलं की अहो, हे ते वाट सोडणं नव्हे. वडील काही बोलले नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. आठवडा गेला, दोन गेले. मी रोज त्या जागी जाऊन बघायचो. पलीकडचा चर बुजवला होता, थंडी पडली होती आणि तलावावर धुकं उतरायला लागलं होतं. अशाच एका सकाळी धुक्यातून चपलांची करकर ऐकू आली. ती करकर मी कुठेही ओळखली असती. मी झटकन रस्ता ओलांडला, कुत्र्याला आत घेतलं, साखळी ओढली नाही, नुसती आखूड धरली. तलावाकडे तोंड करून उभा राहिलो. अगदी त्यांच्यासारखा.

करकर थांबली. बराच वेळ झाला तरी ते पुढे जाईनात, म्हणून मी मान वळवली.

ते वाटेच्या मधोमध उभे होते. दोन्ही हात मोकळे होते. कुत्रा नव्हता. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा एक पाय रस्त्यावर उतरलेला होता, माझ्या बाजूला. मग त्यांनी तो परत मागे घेतला. ज्या हाताला माझा कुत्रा चावला होता तो हात 'असू दे' असा हलवला आणि ते चालू लागले.

कोल्हापुरात अनोळखी माणसाला हाक मारायला शब्द तयार असतो. 'पावणं' म्हटलं की कुणीही थांबतं. दहा पावलांवर होते ते. मला तेवढा शब्द काढता आला नाही. वाटलं, आत्ता हाक मारून काय सांगायचं, सगळं विचित्रच दिसेल. उद्या सांगू.

उद्या ते नव्हते, परवाही नव्हते. शेवटी घाटावर म्हशी धुणाऱ्या दूधवाल्याला विचारलं. तो सगळ्यांना ओळखायचा.

"मुधोळवालं आण्णा व्हय? ते गेलं की लेकीकडं, बेळगावला. कुत्रं मेलं न्हवं त्यांचं. एकटंच हुतं घरात, मन लागंना." म्हशीच्या पाठीवर पाणी मारता मारता तो थांबला. "तुमची गाठ पडली न्हाय? तुमचं घर इचारत हुतं माझ्याकडं. मी म्हटलं घर काय मला ठावं न्हाय, पर रोज ह्याच वाटंनं येत्यात, वाटंतच गाठा की. जायाच्या आदल्या दिशी तुमच्यासाठीच आलतं बघा."

मी "पडली" म्हणालो. गाठ पडली. आणि कुत्र्याला घेऊन घरी आलो. वडिलांनी सांगितलं होतं, कुणासाठी बाजूला व्हायचं नाही. उभ्या आयुष्यात मी एकदाच बाजूला झालो, आणि त्या दिवशी समोरचा माणूस मला भेटायला आला होता.